हिरूबायचा अर्धा धवला

हिरूबाय कुठल्याही नव्या इमारतीत शिरली की आधी एक टाळी वाजवायची. एकच. मग मान तिरकी करून ऐकायची. बँक असो, दवाखाना असो, नाहीतर हमरस्त्याखालचा भुयारी मार्ग. टाळीनंतर ती तोंड मिटून, शब्दांशिवाय, गळ्यातल्या गळ्यात एक सूर लावायची आणि निकाल द्यायची. "यो बोलतंय." किंवा "यो मुका हाय." सीवूड्सच्या मॉलमध्ये तिला एकदा नेलं होतं, तिथं तिनं टाळी न वाजवताच नाक मुरडलं. "यो नुसता बोंबलतंय. मधे आपला काय सांगायचा?"

कोपरखैरण्यातल्या बोनकोडे गावात आम्ही तिच्या इमारतीत भाड्यानं राहायचो. गावातलं जुनं घर पाडून तिच्या मुलानं, अनंतदादानं, तिथं मजले चढवले होते. खाली ती आणि तिचं कुटुंब, वर आम्ही भाडेकरू. माझे वडील मार्केटात माथाडी. आम्ही मूळचे पाटणकडचे, म्हणून तिच्या लेखी मी 'सातारी'. माझं खरं नाव तिला माहीत होतं का, याची मला अजून खात्री नाही. मागच्या वर्षी ती गेली. तोवर आम्ही घणसोलीला राहायला गेलो होतो, त्यामुळे मला ते फोनवरच कळलं. तेव्हापासून तिच्याविषयी लिहावंसं वाटतंय आणि जमेल की नाही असंही वाटतंय. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, आणि लिहिण्याची सवय अजून फक्त परीक्षेपुरतीच आहे.

हिरूबाय धवलारीण होती. आगरी लग्नात हळदीपासून ते नवरी घराबाहेर पडेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं. त्या गाण्यांना धवले म्हणतात आणि ते गाणारी ती धवलारीण. तिच्या तरुणपणी धवलारणीशिवाय लग्न लागत नसे. "भटजी उशिरा आला तं थांबायचो," ती सांगायची, "पन मना उशीर झाला तं नवरदेव सोता नेयाला यायचा." हे सांगताना ती लुगड्याचा काष्टा उगाच पुन्हा खोचायची. नम्रपणा तिच्यात अजिबात नव्हता. आसपासच्या गावांतल्या बाकीच्या धवलारणींबद्दल विचारलं तर म्हणायची, "गातात. आपला गातात."

तिला बसलेलं मी क्वचितच पाहिलं. ती जेवायची उभ्यानं, दारात, रस्त्यावर नजर ठेवून. एखादं वाक्य तळमजल्यावर सुरू करायची आणि जिना चढत चढत आमच्या दारात संपवायची, त्यामुळे आम्हाला फक्त शेवट ऐकू यायचा. "... म्हनून तर मी तिला तोंडावर सांगितला." कुणाला, काय, हे विचारायला आई दार उघडेपर्यंत ती गच्चीत पोहोचलेली असायची. अनंतदादा वैतागायचा. "आय, जरा बस ना एका जागी." ती म्हणायची, "बसला का मना म्हातारपन येतं."

एका हळदीला ती मला सोबत घेऊन गेली होती, कोपरखैरण्यातच. तिला माइक दिला होता. पण बाजूला जनरेटर धडधडत होता, पलीकडच्या मांडवात डीजे लागला होता, आणि आमच्या मांडवातला डीजेवालाही तिचं कधी संपतंय याची वाट बघत तबकडीवर हात ठेवून उभा होता. ती गात होती हे तिच्या ओठांवरून कळत होतं, एवढंच. परत येताना ती भराभर पुढं चालत होती. मी धावत जाऊन म्हटलं, "छान झालं, हिरूबाय."

"काय छान झाला? तुला आयकू आला?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मनापन नाय आला," ती म्हणाली. "कैक वर्सं झाली. मी गातंय, पन माजा आवाज मना आयकू येत नाय. बरा हाय का वाईट, कोन सांगनार?"

तेव्हा मला तिच्या टाळीचा अर्थ लागला. ती जागा शोधत होती.

त्याच वर्षी आमच्या सरांनी प्रकल्प दिला: आपल्या शहरातली एक आधुनिक वास्तू बघून या आणि तिच्यावर लिहा. बहुतेकांनी मॉल घेतला, काहींनी रेल्वे स्टेशन. मी नवीन सांस्कृतिक संकुल घेतलं, आणि घेतल्यावर घाबरले. रिक्षातून जाताना ते दिसायचं. उघड्या आकाशाखाली पांढऱ्या काँक्रीटचं एक भलंमोठं घडीदार छप्पर, एका बाजूला जमिनीला टेकलेलं, दुसऱ्या बाजूला वर उचललेलं. पुढं रुंद पायऱ्या, उथळ पाण्याचं तळं, आणि काचेमागं गार उजेड. एकदा फाटकापर्यंत जाऊन मी परत आले. आत जाण्यासाठी काही कारण लागत असेल आणि ते आपल्याकडे नाही, असं वाटलं. दुसऱ्यांदा मी हिरूबायला बरोबर नेलं.

फाटकावरच्या सुरक्षारक्षकानं विचारलं, "किधर, अम्मा?"

"अंदर."

"किससे मिलना है?"

"घरसे," हिरूबाय म्हणाली. "घर देखने को आयी मै. तेरेको बाद में देखती." आणि चालू लागली. तो हसला आणि बाजूला झाला. मी त्याच्याकडे न बघता मागोमाग गेले.

छपराखाली खूप मोठी मोकळी जागा होती, मध्ये एकही खांब नाही. भिंतीवर पाटी होती, की ही रचना शिडांवरून सुचली आहे. मी ती वाचून दाखवली. हिरूबायनं वर पाहिलं. "शीर नाय, सूप हाय. कोनीतरी पाखरायला घेतला आनि तसाच कलता ठेवून जेवाला गेला." मी ते वहीत लिहून घेतलं आणि नंतर सरांना आवडलेलं वाक्य तेच निघालं.

मग तिनं टाळी वाजवली. आवाज वर गेला, छपराच्या घड्यांमधून फिरला आणि आमच्या पाठीमागून परत आला. हिरूबाय गर्रकन वळली, जणू कुणी हाक मारली. तिनं सूर लावला, तोही तसाच फिरून आला, जाड होऊन. तिनं निकाल काही दिला नाही. दोन्ही हात कमरेवर ठेवून बराच वेळ वर बघत राहिली, आणि मग सरळ रक्षकाकडे गेली.

"इदर लगीन लगाते क्या?"

"नहीं अम्मा. शादी-ब्याह मना है."

"मग बांधला कशाला एवरा?" हे ती मला विचारत होती. तिचा आवाज चढला होता.

मी म्हटलं, "लग्न कशाला हवं? आत्ता गा ना. कोणी नाहीये."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी घाण बोलले होते. "लगीन नाय तं धवला नाय. धवला सोरला का तो नवरी शोधतं. नाय गावली तं जी समोर असंल तिला धरतं." पुढचे कितीतरी दिवस ती जिन्यात भेटली की एवढंच विचारायची, "त्या सुपात कोनी लगीन लावला का?"

प्रकल्प सरांनी कुणाला तरी दाखवला असावा. कारण काही दिवसांनी केतकी मॅडम बोनकोड्याला आल्या. त्या संकुलात लोककला महोत्सव भरवत होत्या. चांगल्या होत्या, चप्पल बाहेर काढून खाली चटईवर बसल्या. हिरूबायनं नथ घातली होती. धवले ऐकवाल का, असं मॅडमनी विचारलं, तेव्हा ती चहाचा कप हातात घेऊन उभीच राहिली.

"त्या घरात गायचा? आत?"

"हो आजी, मेन स्टेजवर. आम्ही मांडव उभारू, चौरंग, पाट, सगळं ऑथेंटिक."

"आनि नवरा-नवरी?"

"ते प्रतीकात्मक बसवू ना. विद्यार्थी कोणीतरी." मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "ही बसेल की. छान दिसेल."

आई दारातच उभी होती. "आमची पोर शिकतीया, मॅडम. लगीन कुठलं काढलं?"

"नाटकातलं हो, काकू."

"नाटकातलं आसलं तरी बाशिंग तर खरंच बांधणार न्हवं?"

मॅडम हसल्या. हिरूबाय हसली नाही. हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. मॅडम गेल्यावर ती गच्चीत गेली, आणि संध्याकाळपर्यंत तिच्या येरझारा आमच्या छतावर वाजत होत्या.

तो आठवडा वाईट गेला. तिला गायचं होतं. मी कॉलेजला निघाले की ती जिन्यात आडवी यायची आणि तोड काढून बघायची.

"बाशिंग नाय बांधला तं?"

"मॅडमना विचारते."

"आनि दोगांना पाठमोरा बसवला तं? तोंड बगायचा नाय एकमेकाचा." लगेच स्वतःच मान हलवायची. "नाय. धवल्याला डोले नाय. त्याला काय कलनार कोनाचा तोंड कुठं."

नवरदेव म्हणून माझ्या वर्गातला प्रथमेश ठरला होता. एका सकाळी तिनं त्याच्याविषयी सुरू केलं. "पोरगा कसा हाय?"

"बरा आहे."

"घर हाय का सोताचा?"

"ऐरोलीला भाड्यानं राहतात."

"आय कशी हाय त्याची?"

"हिरूबाय, हे खरं लग्न नाहीये."

"मनापन म्हायतंय," ती म्हणाली. "पन झालाच तं बरा घर नको?" आणि हे ती चेष्टेत म्हणत नव्हती. मला हसू आलं, आणि मग त्या रात्री माझीच झोप उडाली. मी या गोष्टी मानत नव्हते. तरी आईला मी सांगितलं, की मी बसेन, हिरूबायसाठी. आई माझ्याकडे पाठ करून भाकरी थापत राहिली.

महोत्सवाच्या आदल्या दुपारी तालीम होती. मुख्य नाट्यगृह आतल्या बाजूला होतं. मऊ खुर्च्या, गालिचा, भिंतींवर कापडी पट्ट्या. हिरूबायनं मंचावर उभं राहून टाळी वाजवली. आवाज तिच्या हातापाशीच मेला.

"मुका हाय," ती म्हणाली.

"मुद्दाम तसा केलाय, आजी. माइकवर आवाज अगदी स्वच्छ येतो."

"मना भायेरच्या घरात गायचा हाय. सुपाखाली."

"तिथं स्टॉल लागणार आहेत हो."

हिरूबायचा चेहरा आक्रसला. मला आणि प्रथमेशला पाटांवर बसवलं, कपाळाला मुंडावळ्या बांधल्या. प्रथमेश माझ्या कानाशी म्हणाला, "लग्न लागलंच तर जेवण तरी देतील का?" मी त्याला गप्प केलं. समोर हिरूबाय उभी होती. तिनं डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला, ओठ उघडले. मग डोळेही उघडले आणि माझ्याकडे पाहत राहिली. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण दिवे सांभाळणारा माणूस खालून ओरडला, "चालू करू का?"

"ऊठ, सातारी," ती म्हणाली.

"काय झालं, आजी?" केतकी मॅडम पुढं आल्या.

"हिला शिकायचा हाय. तिचा बाप पाठीवर गोनी वाहतं तिच्या फीसाठी. मी उगाच लगीन लावून देऊ काय तिचा?"

"पण हे खरं नाहीये, आजी."

"मी गातंय ते तं खरा हाय ना."

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी सुचवलं, की धवले राहू देत, नाचाची कोळीगीतं गा, लोकांनाही आवडतील. "ती कोनीपन गातं," हिरूबाय म्हणाली आणि मंचावरून उतरली. खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं ती इतक्या भराभर चालली होती, की मला मुंडावळ्या सोडायलाही सवड मिळाली नाही. मी तशीच मागं पळाले. माझ्यामुळं तिचं गाणं गेलं, एवढंच डोक्यात होतं.

बाहेर त्या मोठ्या छपराखाली फोटो काढणं चाललं होतं. लग्नाआधीचे फोटो काढायला अशा इमारतींकडे जोडपी येतातच. मुलगी भाड्याच्या लांबलचक लाल गाऊनमध्ये, मुलगा तिच्या चपला हातात धरून बाजूला उभा. फोटोग्राफर सांगत होता, "मॅडम, वर बघा, छताकडे, जणू काही आठवतंय."

हिरूबाय त्यांच्यापुढं जाऊन थांबली. "लगीन ठरलाय?"

"हो आजी," मुलगी गोंधळून म्हणाली. "पुढच्या महिन्यात. उलव्याला."

"खरा?"

"म्हणजे काय? पत्रिका छापायला दिल्यात."

"मी धवलारीन हाय. तुमच्यासाठी गाऊ का? काय नको मना."

मुलीनं मुलाकडे पाहिलं. मग जरा चाचरत म्हणाली, "आम्ही बौद्ध आहोत, आजी. आमच्यात चालतं की नाही, मला माहीत नाही."

हिरूबायनं क्षणभर विचार केला. "देवाना आवतन देयाचा धवला मी नाय गात मग. हलदीचा गातंय. हलद तं लावनार ना?"

"लावणार," मुलगी हसून म्हणाली.

आणि हिरूबाय गायला लागली. मी तिला इतक्या जवळून ओळखत होते, पण तिचा गातानाचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. तो गोड नव्हता. खरखरीत होता, कडेला फाटलेला, आणि ओळीच्या शेवटी एकदम खाली उतरायचा. हळद कुठल्या मातीत लावली, कुणी खणली, कुणाच्या जात्यावर दळली, असं ते हळूहळू नवरीच्या अंगापर्यंत येत होतं. तिची ओळ छपराकडे जायची आणि ती दुसरी घ्यायच्या आत पहिली मागून परत यायची. थोड्याच वेळात तिनं चाल किंचित सैल केली, परत येणाऱ्या आवाजासाठी जागा सोडली. मग असं वाटायला लागलं, की दोन बायका गात आहेत आणि दुसरी वर कुठंतरी आहे. मुलानं चपला खाली ठेवल्या. केतकी मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. फोटोग्राफर मात्र हातातल्या घड्याळाकडे बघत होता, त्याचा उजेड चालला होता.

तेवढ्यात स्टॉलचे लोखंडी सांगाडे घेऊन ट्रक आला. माणसं पाइप फरशीवर टाकू लागली. सुरक्षारक्षक लांबूनच हात जोडत आला. "अम्मा, बस करो. ऊपर से फोन आ रहा है मेरेको."

मला वाटलं, आता ही त्याला फैलावर घेणार. पण ती ओळीच्या मध्येच थांबली. पाइपांचा खणखणाट छपराखाली घुमत राहिला.

"तुमी आयकला?" तिनं मॅडमना विचारलं.

"ऐकलं, आजी."

"बरा हाय आजून. वर जातंय." एवढं म्हणून ती त्या मुलीकडे वळली, आणि आता तिचा चेहरा बदलला होता. "तुजा अर्धा रायला. कुठं हाय लगीन? कवा? ए सातारी, नंबर घे तिचा."

मला वाटलं, गायला मिळालं, आवाज ऐकायला मिळाला, आता ती शांत होईल. झालं उलटंच. सुरू केलेला धवला अर्धा सोडायचा नसतो, असं तिचं म्हणणं. अर्धी हळद लागलेली नवरी ना माहेरची, ना सासरची. महोत्सव झाला, तिकडे ती फिरकलीही नाही. रोज मला विचारायची, "तारीख तीच हाय ना? बदलली नाय ना?" मी त्या मुलीला, तिचं नाव पल्लवी, दोनदा मेसेज केला. तिनं नुसतं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. तिला आमची अडचण कळली होती असं वाटत नाही.

अनंतदादा म्हणाला, "आय, आमंत्रन नाय, ओलख नाय. मानसा काय म्हनतील?"

"आमंत्रन कसला? काम अर्धा सोरून आलंय मी."

हळद कुठं, कधी, ते कळलंच नाही, म्हणून लग्नाच्या दिवशी आम्ही दोघी उलव्याला गेलो. दुकानांच्या वरती, पहिल्या मजल्यावर हॉल होता. खालचं छत, त्यात गोल गोल दिवे. मी मनात म्हटलं, इथं काही खरं नाही. हिरूबायनं छताकडे पाहिलंसुद्धा नाही. मंचावर बुद्धमूर्ती होती, पल्लवी पांढऱ्या साडीत होती. वंदना झाली, मंगल परिणय झाला, भाषणं झाली. हिरूबाय सगळा वेळ मागं भिंतीला टेकून उभी. कुणी खुर्ची दिली तर नको म्हणायची. जेवणं सुरू झाली आणि डीजे लागला, तसा आमच्या पायाखालचा मजला थरथरायला लागला.

ती गर्दीतून मंचाकडे निघाली. पल्लवीच्या आईनं तिला अडवलं, "तुम्ही कोणाकडच्या?" मी सांगायला पुढं झाले. पण पल्लवीनं आधीच ओळखलं. "आई, येऊ दे. गाणाऱ्या आजी आहेत त्या."

डीजेवाल्या पोरानं माइक पुढं केला. हिरूबायनं तो हातानं बाजूला सारला. मंचाची पायरी चढली, नवरीशेजारी गेली, आपला एक तळवा तिच्या कानाभोवती आडोशासारखा धरला आणि त्या आडोशात तोंड नेलं.

खालून आम्हाला काहीही ऐकू आलं नाही. तिच्या गळ्याच्या शिरा तेवढ्या ताणलेल्या दिसत होत्या, आणि ओळ संपली की मान किंचित खाली जायची. कॅमेरेवाला ओरडला, "मॅडम, इकडे बघा." पल्लवीनं त्याच्याकडे न बघता हात वर करून त्याला थांबवलं. नवरदेव काय चाललंय ते समजायला वाकला आणि तसाच वाकलेला राहिला. मंचापुढं पोरं नाचत होती.

मग पल्लवीनं डोळे मिटले. हिरूबाय गातच होती.